भूमध्य समुद्रातला भटक्या

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि जहाजांबरोबर तांबड्या समुद्रातल्या जीवांनाही भूमध्य समुद्राची वाट मिळाली. सुरुवातीला या वाटेवर निसर्गाचीच एक चौकी होती. कालव्याच्या मार्गातील कडू सरोवरांच्या तळाशी मिठाचे जाड थर होते. तिथले पाणी इतके खारट असे, की बहुतेक जीवांना पलीकडे जाणे जमत नसे. हळूहळू मीठ विरघळले, कालवा रुंद आणि खोल होत गेला आणि ही चौकी उठली.

या वाटेने आलेल्या उपद्रवी जीवांत ‘रोपिलेमा नोमॅडिका’ या जेलीफिशचे नाव अग्रभागी आहे. १९७०च्या दशकात तो भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आढळला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून उन्हाळ्यात त्याचे प्रचंड थवे येऊ लागले. त्याचा दंश दाहक असतो. मच्छीमारांची जाळी मासळीऐवजी त्यानेच भरतात. इस्रायलमधील वीजकेंद्रे यंत्रे थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी ओढतात, तिथल्या गाळण्या तो तुंबवतो. गंमत अशी, की त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १९९० मध्ये, तेही या नव्या घरी सापडलेल्या नमुन्यांवरून.

असा पाहुणा घातक ठरेल का, हे आधी कसे ओळखायचे? त्यासाठी अभ्यासक प्रश्नावली वापरतात. जलचरांसाठीच्या एका प्रचलित प्रश्नावलीत ५५ प्रश्न आहेत. त्यांतील ४९ प्रश्न प्रजातीचा मूळ प्रदेश, पूर्वेतिहास, आहार, प्रजनन यांविषयी आहेत. उरलेले ६ प्रश्न हवामानबदलाचे : पाणी तापले, तर तिच्या येण्याचा, रुजण्याचा, पसरण्याचा धोका वाढेल की घटेल? उत्तरांवरून गुण ठरतात. शिवाय प्रत्येक उत्तराबद्दल आपल्याला किती खात्री आहे, हेही नोंदवावे लागते.

जेलीफिशच्या बाबतीत ही खात्रीच दुर्मीळ. आपल्याला दिसतो तो तरंगणारा छत्रीसारखा जीव. पण अनेक प्रजातींच्या आयुष्याचा दुसरा टप्पा तळाशी, खडकाला किंवा शिंपल्याला चिकटून जातो. पॉलिप नावाचा हा जीव जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. अनुकूल तापमान लाभले, की त्याच्या शरीराच्या चकत्या सुटतात आणि प्रत्येक चकती म्हणजे एक नवा जेलीफिश. निसर्गात फार थोड्या प्रजातींचे पॉलिप सापडले आहेत. थवा दिसतो तेव्हा त्याचे बियाणे तळाशी कधीच रुजलेले असते.

थंड हिवाळा ही उष्ण प्रदेशातल्या प्रजातींपुढची दुसरी चौकी. समुद्र तापत आहे, तशी तीही ढिली पडते. ‘रोपिलेमा’ची नोंद आता ट्युनिशिया आणि सिसिलीपर्यंत झाली आहे. म्हणूनच एकदा काढलेले गुण कायमचे मानून चालत नाही. पाणी बदलले, की पुन्हा मोजायला हवे.

या गणिताचा खरा उपयोग प्रजाती येण्यापूर्वीच असतो. जहाजांच्या तोल राखणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. त्यामुळे एका दारावर तरी पहारा बसला. सुएझमध्ये खारट पाण्याचा अडसर पुन्हा उभारावा, असे शास्त्रज्ञ सुचवत आले आहेत. मात्र कालवा २०१५ मध्ये आणखी विस्तारला गेला. समुद्रात रुजलेला पॉलिप शोधून वेचून काढणे फार अवघड आहे.