पाळकसाहेबांचं दप्तर

संपादक म्हणाले, "नाताळचं नको, नाताळवर सगळेच लिहितात. एखाद्या पाळकाचा साधा आठवडा बघून या. काही विशेष घडत नाही असा." म्हणून जुलैच्या एका सोमवारी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात उतरलो. सोमवार ही पाळकांची सुट्टी, पण पाळकसाहेब घरी नव्हते. पाळकीणबाई दारातच म्हणाल्या, "माती आहे, पलीकडच्या वाडीत. चहा घ्या आणि मग जा. मुरूम लागलाय म्हणे, वेळ लागणार."

मुरूम खरंच लागला होता. पहार आपटली की ठिणगी उडत होती. पाळकसाहेबांचा पांढरा झगा पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेला, आणि ते स्वतः बाह्या सारून घमेल्यानं माती वर देत होते. म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे पुण्याहून यायचे होते, ते बस चुकल्याचा फोन करत होते. विधी व्हायला तीन वाजले. तोपर्यंत घामाघूम झालेला हा माणूस झगा चढवल्याबरोबर एकदम निराळाच दिसू लागला. दहा मिनिटांत प्रार्थना आटोपली, मूठमूठ माती पडली, आणि झगा पुन्हा पिशवीत गेला.

इतिहास थोडक्यात सांगतो, तो पुस्तकांत सापडतो. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. १८४२ पासून 'ज्ञानोदय' नगरातूनच निघू लागला. शाळा, दवाखाने, वसतिगृहं झाली. दुष्काळांच्या वर्षांत गावकुसाबाहेरची कुटुंबंच्या कुटुंबं मिशनच्या दाराशी आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण इथं अजून सगळे 'नगरला' जातात. या साऱ्याचा या खेड्यापुरता हिशेब असा: एक पाळक, एक मोटारसायकल, पाच गावं.

'पाळक' हा शब्द मला आवडतो. गुरं पाळतो तोही पाळकच. 'मंडळी'ची तर गंमतच आहे. जुन्या वळणाचे लोक बायकोलाही मंडळी म्हणत, आणि इथं अख्ख्या विश्वासी समाजाला मंडळी म्हणतात. "दोन्ही मंडळ्या सांभाळायच्या," पाळकसाहेब म्हणाले. "एक रात्री अकरानंतर बोलते, दुसरी तेव्हाही फोन करते."

मंगळवारी ते बँकेत एका विधवा बाईचं पेन्शनचं काम घेऊन बसले. तिथं सर्व्हर बंद, दोन तास गेले. बुधवारी सकाळी पंचकमिटीत छपराच्या गळक्या पत्र्यावरून वाद झाला. दोन पंच गेल्या नाताळापासून एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे दोघांचीही वाक्यं पाळकसाहेबांनाच उद्देशून येत होती. पत्रे तसेच राहिले.

संध्याकाळी मात्र एका घरी प्रार्थना होती. अंगणात सतरंजी, एक पेटी, टाळांच्या दोन जोड्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एक भजन सुरू झालं आणि दिवसभर हिरमुसलेला हा माणूस खुलला. डोळे मिटून, टाळ कानाजवळ नेऊन असा गायला की कुंपणापलीकडून चाललेले दोघे वारकरी थांबून ऐकू लागले. नंतर चिवडा खाताना म्हणाले, "टिळकांनी आमच्या हाती टाळ दिला. नाहीतर आम्ही अजून इंग्रजी चालींवर मराठी ओढत बसलो असतो." उपदेश मला आठवत नाही. तो टाळ आठवतो.

गुरुवारी त्यांनी कपाट उघडलं, आणि मी ज्यासाठी आलो होतो ते बहुधा हेच, असं वाटलं.

लोखंडी कपाट, मिशनच्या वेळचं. किल्ली फिरवताना दार गुडघ्यानं वर उचलावं लागतं. ही कला बदली होणारा पाळक येणाऱ्या पाळकाला शिकवून जातो. आत मंडळीचं दप्तर: बाप्तिस्मा, विवाह, मयत यांची रजिस्टरं. कापडी बांधणी, कडा वाळवीनं कातरलेल्या, शाई तपकिरी पडलेली. रकाने ठरलेले: मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं, गाव, धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. खेड्यात त्याआधी जन्मलेल्या कित्येकांचा पुरावा एवढाच. पासपोर्टला, वारसाला, पेन्शनला लोक इथं येतात. पाळकसाहेब बोटानं ओळ धरून उतारा लिहितात, शिक्का मारतात. त्या दिवशी आलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी स्वतःचं नाव वाचलं आणि बापाच्या धंद्याच्या रकान्यावर बराच वेळ बोट ठेवलं. तिथं 'मजूर' लिहिलं होतं.

मी पानं उलटत अलीकडच्या वर्षांकडे आलो. जुन्या पानांवर ओळी खेटून होत्या, इथं अर्धंअर्धं पान कोरं. मी म्हटलं, "लोक शहरात गेले?"

"गेले," ते म्हणाले. "पण राहिलेलेही लिहू देत नाहीत."

१९५०चा राष्ट्रपतींचा आदेश अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधतो. आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. हा प्रश्न तपासायला न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये नेमला गेला. या वाडीत त्याचा अर्थ एका भिंतीइतका जवळ आहे. दोन चुलतभाऊ, मधे एक सामाईक भिंत, पणजोबा एकच. एक घर बौद्ध, त्यांच्या मुलीला दाखला मिळाला आणि ती नर्सिंगला गेली. दुसरं घर ख्रिस्ती. विहीर, मजुरी, गावातल्या लोकांची नजर, दोघांच्याही वाट्याला तीच. तेव्हा दुसऱ्या घरानं कागदावर काय लिहायचं आणि काय नाही हे ठरवलं, तर त्यांना खोटं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मला तरी म्हणवत नाही. पण पाळकाची अडचण वेगळी आहे. उद्या कुणी विचारलं तर रजिस्टर समोर ठेवावं लागेल, आणि त्यात सही त्यांची.

"टिळकांनी शेवटी-शेवटी मिशनची नोकरी सोडली," ते म्हणाले. "१९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही. पूर्वी मला ते कवीचं स्वप्न वाटायचं. आता वाटतं, त्यांना रजिस्टर ठेवायचं नव्हतं म्हणून सुचलं."

शुक्रवारी दोन गावं झाली, वाटेत पंक्चर. शनिवारी रात्री साडेनऊला उपदेश लिहायला बसले. तेवढ्यात एका दारुड्याची बायको दोन पोरांना घेऊन आली. ती पाळकीणबाईंजवळ झोपली, आणि उपदेश पहाटे चारला उठून झाला.

रविवारी उपासनेनंतर त्या दुसऱ्या घरचे लोक थांबले. सून, कडेवर दोन महिन्यांची मुलगी, सोबत आजेसासू. आजी म्हणाली, "पाळकसाहेब, बाप्तिस्मा उरका. माझे डोळे आहेत तोवर."

सून खाली बघत म्हणाली, "नोंद मात्र नको. पुढं बघू."

"नोंदीशिवाय बाप्तिस्मा नाही, बाई. आशीर्वाद देतो."

"त्यानं काय व्हतंय?" आजी रागावली. "मला दिलेला तो आशीर्वाद व्हता का?"

पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही. मुलीला हातांवर घेतलं, डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली. मुलगी झग्याची दोरी चोखत होती. आजीनं 'आमेन' म्हटलं नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी दानथैली टेबलावर उपडी केली, नाणी रुपया-दोन-पाच अशी लावली, आकडा हिशेबाच्या वहीत मांडला. मग कपाट उघडून बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. शेवटची नोंद आदल्या वर्षीची. पेनाचं टोपण काढून थोडा वेळ बसले. बाहेरून पाळकीणबाईंनी हाक मारली: दुसऱ्या गावची दुपारची उपासना, आणि चाक पुन्हा बसलंय.

त्यांनी टोपण लावलं. गुडघ्यानं दार उचललं, किल्ली फिरवली, आणि पंप शोधायला गेले.