वाढदिवस कोणाचा?

मुलाचा वाढदिवस महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला, की नोकरदार घरातील आईवडिलांच्या मनात आनंदाबरोबर एक हिशेबही सुरू होतो. पगार संपत आलेला असतो, शाळेच्या रिक्षाचे पैसे द्यावयाचे असतात, आणि चिरंजीव मात्र पंधरा दिवस आधीपासून मित्रांची नावे बोटांवर मोजीत असतात. नुकताच वर्गातील कोणाचा तरी वाढदिवस हॉटेलात झालेला असतो. तेथे जादूगार आला होता, फुग्यांची कमान होती, निघताना प्रत्येकाच्या हाती भरलेली पिशवी पडली होती. ते सारे पाहून आलेले मूल घरी विचारते, "आई, माझ्या वाढदिवसाला आपण काय करायचं?" प्रश्न साधा असतो, पण उत्तर देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांत वाड्याला वाडा लागून होता तोवर शेजारचे घर बहुधा आपल्यासारखेच असे. आज आपली कुटुंबे शहरभर पांगली आहेत. मुलाचे मित्र गुजराती, सिंधी, मारवाडी असतात. काहींच्या घरी व्यापार असतो आणि सणसमारंभाला हात सैल सोडण्याची रीत असते. त्यांत वाईट काही नाही. परंतु अशा घरांशी बरोबरी करण्याच्या नादात सोसायटीकडून उचल घेऊन, नाही तर कार्डावर उधारी करून वाढदिवस साजरे होऊ लागले आहेत, ही गोष्ट आपण सारेच जाणतो. चार तासांचा समारंभ आणि सहा महिन्यांचे हप्ते हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटणारा नाही. तरीही तो घडतो. का घडतो, हे आधी पाहिले पाहिजे.

आमच्या मते खर्च वाढतो तो मुलामुळे नव्हे. एकाच संध्याकाळी आपण तीन निरनिराळे समारंभ करू पाहतो, म्हणून तो वाढतो. आत्या, मावशी, काका यांना बोलवावयाचे असते. कचेरीतील मंडळींच्या घरी आपण जेवून आलेलो असतो, त्यांचीही परतफेड करावयाची असते. आणि या सर्वांच्या गर्दीत मुलाचे मित्रही असतात. मग पाहुणे साठांवर जातात, घर अपुरे पडते, हॉल घ्यावा लागतो, हॉल घेतला की आचारी आलाच. इतके करून ज्याचा वाढदिवस तो नवा पोशाख सांभाळीत प्रत्येक मोठ्या माणसाला वाकून नमस्कार करीत फिरतो, आणि त्याचे मित्र कोपऱ्यात भिंतीशी उभे असतात.

वस्तुतः या गोंधळातून सुटण्याची वाट आपल्या घरातच आहे. आपल्याकडे वाढदिवस दोन असतात, एक तिथीचा आणि एक तारखेचा. तिथी दरवर्षी तारखेच्या मागेपुढे सरकते. साधारण दहा-अकरा दिवस आधी येते, अधिक मास येऊन गेला की पुन्हा पुढे जाते, आणि सुमारे एकोणीस वर्षांनी दोन्ही परत जवळजवळ एका दिवशी येतात. बहुतेक घरांत आता तिथी विसरली जाते. ती विसरू नये, असे आम्ही केवळ परंपरेच्या अभिमानाने म्हणत नाही. ती मोठी सोयीची आहे म्हणून म्हणतो.

तिथीचा दिवस घरच्या वडीलधाऱ्यांचा ठेवावा. सकाळी अभ्यंगस्नान, पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी आणि अंगठी घेऊन औक्षण, आजी-आजोबांना नमस्कार. सात चिरंजीवांचे आणि मार्कंडेयाचे स्मरण करून तीळ-गूळ घातलेले दूध मुलाला पाजण्याची जुनी रीत काही घरांत अजून आहे. जेवणात एखादी खीर. जवळची दोन-चार नातेवाईक मंडळी आली तर घरच्याच स्वयंपाकात त्यांचे भागते. या दिवसाचा खर्च रोजच्या स्वयंपाकाहून फार अधिक नसतो. पण मुलाला त्या दिवशी घरातले सगळे आपल्याकडे पाहत आहेत, असे वाटते, आणि नातेवाइकांचा मानही राखला जातो. कचेरीच्या मंडळींना दिवाळीच्या फराळाला बोलवावे. त्यांना मुलाच्या वाढदिवसाशी बांधण्याचे कारण नाही.

मग तारखेचा दिवस उरतो, तो संपूर्ण मुलांचा. मुलांचा मेळावा कसा असावा, याचाही नमुना आपल्याकडे आहे. बोरन्हाण आठवून पाहावे. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेले तान्हुले मध्ये बसते. त्याच्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, बत्तासे ओततात आणि आळीतली पोरे ते गोळा करण्यासाठी तुटून पडतात. बडोद्यात संक्रांतीच्या दिवशी सारी मुले पतंग घेऊन गच्चीवर असतात, म्हणून आपण ते रथसप्तमीपर्यंत सवडीने उरकतो. पण गुजराती शेजारणीही मुलांना कडेवर घेऊन हौसेने येतात. येथे सजावट किती होती, पदार्थ किती होते, हे कोणी मोजीत नाही. मुलांना काहीतरी करावयाला मिळते, हेच त्यातील सुख. वाढदिवसाच्या संध्याकाळीही एवढे साधले तर पुष्कळ झाले.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. सर्वांत आधी ठरवावयाची ती पाहुण्यांची संख्या; सजावट आणि पदार्थ मागाहून. ही यादी मुलाने स्वतः लिहावी. सबंध वर्ग बोलावण्याची गरज नसते. ज्यांच्याशी तो रोज खेळतो अशी दहा-पंधरा नावे पुरे. मात्र एका बाकावरचे चौघे बोलावले आणि पाचवा वगळला, असे होऊ देऊ नये. पैसे कमी पडत असतील तर खाण्याचा एक पदार्थ कमी करावा, पण तो पाचवा बोलवावा.

दुसरी गोष्ट वेळेची. सातचे निमंत्रण म्हणजे जेवण आले. साडेचार ते साडेसहा अशी वेळ ठेवली तर खाऊवर काम भागते, आणि निमंत्रणातच सुटण्याची वेळ लिहिली म्हणजे पालकही वेळेवर न्यायला येतात. बडोद्यात या वेळेचा आणखी एक लाभ आहे. मुलाच्या मित्रांत जैन मुले असतात; काहींच्या घरी सूर्यास्तानंतर खात नाहीत. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेपाचच्या आत खाऊ समोर ठेवावा. बटाटा, कांदा, लसूणही या मुलांना चालत नाही. त्यांच्या आईला आधी विचारून कच्च्या केळ्याचे चार वडे वेगळे तळून ठेवावेत. पाहुणचार म्हणजे अशी आठवण ठेवणे. त्याला पैसे पडत नाहीत.

पंधरा मुले आणि घरची पाच माणसे असा वीस जणांचा अंदाज धरू. दरडोई दोन वडे म्हणजे चाळीस वडे. त्याला दोन किलो बटाटे, अर्धा किलो बेसन आणि तळणीचे तेल लागते. तळणाचा व्याप नको असेल तर फरसाणवाल्याकडून दीड किलो खमण आणावे. अर्धा किलो रवा, चारशे ग्रॅम साखर आणि पाव किलो तूप यांत वीस लहान वाट्या शिरा होतो. कोकमाचे किंवा लिंबाचे सरबत पाच लिटर केले तर मुलांना दुसऱ्यांदा मागता येते. केकचा हट्ट असेल तर तो मोडू नये. अर्ध्या किलोचा बिनअंड्याचा केक आणावा, म्हणजे सर्वांना चालतो. आधी आजीने ओवाळावे, मग केक कापावा. दोन्ही एका संध्याकाळी सुखाने नांदतात. स्टीलच्या ताटल्या शेजारून मागून आणाव्यात. कागदी ताटल्यांचा खर्चही वाचतो आणि कचराही.

समजा, आपण दोन हजार रुपयांची मर्यादा घातली. केकसह खाऊला अकराशे, प्रत्येकी वीस रुपयांप्रमाणे पंधरा मुलांच्या परतभेटीला तीनशे, खेळांच्या बक्षिसांना दीडशे, सजावटीला दोनशे आणि ऐनवेळच्या अडचणीला अडीचशे, अशी विभागणी करता येईल. कोणाची मर्यादा हजाराची असेल, कोणाची चार हजारांची. आकडा ज्याचा त्याने ठरवावा. नियम एवढाच, की आकडा आधी ठरावा आणि बाजारात नंतर जावे. मंगळ बाजारात आधी शिरून मग हिशेब करणाऱ्याचा हिशेब कधी जुळत नाही, हे बडोद्याच्या गृहिणींना आम्ही नव्याने सांगावयास नको.

सजावटीचे काम विकत घेण्याऐवजी मुलाकडे सोपवावे. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले आणि पुढे ताराबाई मोडक तेथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. गुजराती आणि मराठी मुलांसाठी या दोघांनी केलेल्या कामाच्या मुळाशी एक विचार होता, की मुलाला स्वतःच्या हातांनी काम करू द्यावे, मोठ्यांनी ते त्याच्या हातून हिसकावून घेऊ नये. वाढदिवसाची तयारी हे असे काम आहे. निमंत्रणाच्या चिठ्ठ्या मुलाने लिहाव्यात, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला मित्राला वाचता येईल त्या लिपीत. पताका जुन्या वहीच्या रंगीत पुठ्ठ्यांच्या कापाव्यात. त्या वाकड्या होतील, होऊ द्याव्यात. मित्र आल्यावर "हे मी केलं" असे त्याला सांगता आले, तर विकतच्या कमानीची आठवण त्याला होणार नाही.

खेळांसाठी माणूस भाड्याने आणण्याचे तर मुळीच कारण नाही. कुस्तीचा आणि देशी खेळांचा बडोद्याला जुना नाद आहे. हुतूतूचे नियम १९२३ साली छापून निघाले तेव्हा त्याच वर्षी अखिल भारतीय सामने भरले ते याच शहरात. गच्ची असेल तर लगोरी, लंगडी. दिवाणखाना असेल तर आंधळी कोशिंबीर, 'शिवाजी म्हणतो', संगीत खुर्ची. ताटात वीस वस्तू मांडून मिनिटभर दाखवाव्यात, मग त्यांवर फडके टाकून किती आठवतात ते लिहावयास सांगावे. या खेळात शांत, मागे राहणारी मुलेही जिंकतात. येथे एक गंमत घडते. आपली लगोरी मित्रांच्या घरी सतोडियुं असते, लपंडाव संताकूकडी असतो, आंधळी कोशिंबीर आंधळो पाटो असते. दोन्ही नावे पुकारून खेळ सुरू केला, की मुले एकमेकांची भाषा चढाओढीने म्हणू लागतात. शाळेत आपली भाषा दबक्या आवाजात बोलणारे आपले मूल त्या वेळी घरात मोठ्याने मराठी बोलत असते आणि त्याचे मित्र ती शिकत असतात. घर लहान असेल आणि दिवस थंडीचे असतील, तर सयाजीबाग आहेच. १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभी राहिलेली ही बाग जुन्या मंडळींच्या तोंडी अजून कमाटी बाग आहे. सतरंजी, खाऊचे डबे आणि एक चेंडू एवढ्या सामानात तेथे वाढदिवस होतो. सोबत चार मोठी माणसे मात्र हवीत.

शेवटचा प्रश्न भेटवस्तूंचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. ज्या घरी पैशाची ओढ आहे, त्या घरचे मूल पुष्कळदा ताप आल्याचे निमित्त करून वाढदिवसाला येतच नाही. त्याला यावयाचे असते. पण रिकाम्या हाताने कसे जावे, हे त्याला समजत नाही, आणि आईजवळ पैसे मागण्याचे धैर्य होत नाही. आठ वर्षांच्या मुलाने हे ओझे वाहावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. म्हणून चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे, "भेटवस्तू आणू नये, प्रत्येकाने एक कोडे आणावे." कोडी सर्वांनी मिळून सोडवावीत. असे सांगूनही कोणी भेट आणली तर ती बाजूला ठेवावी, सर्वांसमोर उघडू नये. परतभेटीतही तारतम्य ठेवावे. एखादी पेन्सिल, घरच्या चिवड्याची पुडी, पालकाच्या किंवा झेंडूच्या बियांचे पाकीट पुरेसे आहे. जड पिशवी घेऊन गेलेले मूल आपल्या आईवडिलांवर तशाच पिशव्यांचा भार घालते. आपण हलकी भेट दिली, म्हणजे पुढच्या चार घरांची वाट सोपी होते. कोणीतरी आधी थांबावेच लागते. ते आपण थांबावे.

यावर कोणी म्हणेल, मुलाला हॉटेलच हवे असेल तर? त्याला फसवू नये. "त्यांची पद्धत वाईट, आपली चांगली" असेही सांगू नये. ते खरे नसते आणि मुलाला ते पटतही नाही. हिशेबाचा कागद त्याच्यासमोर ठेवावा. घरात दरमहा किती येते, भाड्याला, शाळेला, आजीच्या औषधाला किती जाते, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला कळते. वाढदिवसासाठी इतके आहेत, त्यांत काय करू, असे त्यालाच विचारावे. तो कदाचित केक लहान करील आणि एक मित्र वाढवील. ऐपत लपविणाऱ्या घरातले मूल आपल्या घराची लाज बाळगावयास शिकते. ऐपत सांगणाऱ्या घरातले मूल आपल्या घरात भागीदार होते. पुढे आयुष्यात पैसा येईल, जाईल. ही शिकवण त्याला दोन्ही वेळा उपयोगी पडेल.

तेव्हा वाचक भगिनींनी आणि बंधूंनी आजच पंचांग काढून मुलाची तिथी पाहून ठेवावी आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत तिच्यावर खूण करावी. तारखेच्या दिवसासाठी एक कोरा कागद मुलाच्या हाती द्यावा आणि नावे लिहावयास सांगावीत. त्या यादीत साहेबांचे नाव नसेल, दूरच्या मामेसासऱ्यांचेही नसेल. कदाचित रिक्षातल्या शेजारच्या मुलाचे असेल, जिन्याखाली राहणाऱ्या इस्त्रीवाल्याच्या मुलीचे असेल. ती यादी नीट वाचावी. वाढदिवस कोणाचा, हे तिच्यावरून कळते.