मावळ्याच्या झोळीत काय काय?

मैत्रिणींनो, दिवाळीचा किल्ला तुमच्याही अंगणात नाहीतर गॅलरीत होत असेलच. भाऊबीज झाली की माती कुंड्यांत जाते आणि चित्रं खोक्यात. आमच्याकडे गेल्या वर्षी ती खोक्याऐवजी जेवणाच्या टेबलावर आली.

पुतण्या पुण्याहून एक खेळ शिकून आला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. पात्र काय करणार ते ज्याचं त्याने सांगायचं; जमलं की फसलं ते फासा ठरवणार. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असा खेळ निघाला आणि पुढे जगभर पसरला. आमच्या मुलांनी त्यातले राक्षस काढून मावळे घातले, इतकंच! आम्ही इंदुरीचे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांनी १७२०च्या सुमारास बांधलेला किल्ला मुलांच्या रोजच्या पाहण्यातला, म्हणून गोष्टीतला किल्लाही तोच.

पहिल्याच दिवशी धाकटी रडत स्वयंपाकघरात आली. "आई, दादा म्हणतो, तू मुलगी, तू भाकऱ्या भाजायच्या. तलवार मिळणार नाही."

मी तिला खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंची गोष्ट सांगितली. १७२९ मध्ये पती गेले, १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला आणि १७३२ मध्ये त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या. धाकटीचे डोळे पुसले गेले. मग म्हटलं, "तलवार तर सगळ्यांकडेच आहे गं. तुझ्या झोळीत दुसरं काय आहे, ते बघू."

ती हेर झाली, भाजीवालीच्या वेषातली! तासाभरात आम्ही दोघींनी घरातल्याच वस्तूंतून तिचं सामान केलं. तुम्हीही करून पाहा:

झोळी – जुन्या सुती साडीचा ८ सें.मी.चा चौकोन दुमडून दोन बाजू शिवा. वर दोरा ओवा.

घोंगडी – फाटक्या लोकरी मोज्याचा तुकडा. एका टोकाला खोळ शिवायला विसरू नका. पावसात तीच डोक्यावर येते.

शिदोरी – फडक्याच्या चिंधीत मसुराचे ५ दाणे. एक दाणा म्हणजे एका दिवसाचं जेवण.

तुंबा – रिठ्याची बी काढून टाका. आत पाणी आहे असं समजायचं.

टोपली – बाटलीच्या बुचाला सुतळी गुंडाळून डिंकाने चिकटवा.

दोर – सुतळीचा एक पदर, ३० सें.मी. वापरला तेवढा कापायचा.

नियम एकच: झोळीत मावेल तेवढंच न्यायचं आणि तुंबा कमरेला. वस्तू संपली की संपली. (घरात रांगतं मूल असेल तर दाणे आणि बुचं त्याच्या हाती लागू देऊ नका हं.)

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. तलवारवाले मावळे पहारेकऱ्याने दरवाजातच अडवले. फासाही त्यांना साथ देईना. धाकटीने टोपली डोक्यावर ठेवली, "मेथी घ्या मेथी" केलं आणि गेली की आत! रात्री तिनेच बुरुजावरून दोर सोडला. गोष्टीतल्या तिसऱ्या दिवशी मावळ्यांना भूक लागली. शिदोरी कोणीच बांधली नव्हती. भाकऱ्या भाजायला सांगणारा दादा तिच्यापुढे हात पसरून उभा! तिने एक दाणा दिला, पण आधी कबूल करून घेतलं: उद्यापासून भाकरी प्रत्येकाने आपापली.

तेव्हा मुलांना विकतच्या तलवारी आणून देण्याआधी विचारा, "तुझा माणूस झोपतो कशावर? खातो काय? विस्तव कशाने पेटवतो?" उत्तरं शोधताना मुलं आजीकडे जातात. आमच्याकडे सासूबाईंनी गारगोटी आणि कापूस घेऊन चकमक कशी झाडत ते दाखवलं. इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख मिळते, पण लढणाऱ्याला बांधून दिलेली शिदोरी आपल्याच घरात आठवावी लागते.

परवा दादा मोजा घेऊन माझ्याकडे आला. "काकू, खोळ शिवून दे ना." मी सुई त्याच्याच हातात दिली.