चोरखमाऱ्याच्या जिप्सीचे पाटे

तिरोडा तालुक्यातील चोरखमाऱ्याहून नागझिऱ्याच्या अरण्यात शिरणारी मारुती जिप्सी, जी १९८५ साली बाजारात आली, तिचा सारा भार पुढे-मागे पोलादी पाट्यांच्या कमानींवरच तोललेला असल्यामुळे, वयोमानाने त्या बसल्या की चाकाला वर-खाली होण्यास अवकाश उरत नाही आणि खड्ड्याचा आघात थेट प्रवाशाच्या कण्यावर येतो. अशा वेळी नुसते जादा पाटे घालणे मला अनुचित वाटते. गाडी उंच होते खरी, परंतु ताठरही होते. कमान भार पेलते, तिचे आंदोलन शमविणे मात्र शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला, तर तो बदलावाच, आणि तोही जोडीने. शर्यतीच्या गाडीत एकदम जोर लागताच पाटे पिळवटतात, म्हणून तेथे आसाला आधारदांडा जोडतात. जंगलवाटेवरील संथ चालीला त्याची जरूर नाही. येथे झिजलेले रबरी बुश बदलावेत आणि काही फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.