परिचारिकेचे डोळे कोरडे का?

एकाच पाळीत जन्म आणि मृत्यू पाहूनही परिचारिका शांत दिसते, तेव्हा सवयीने तिचं मन निबर झालं असावं, असं अनेकांना वाटतं. तो तिच्यावर अन्याय आहे. जोडीदाराला वेदना होत आहेत हे नुसतं कळलं, तरी स्वतःच्या वेदनेच्या वेळी जागे होणारे मेंदूतले काही भाग सक्रिय होतात, हे मेंदूशास्त्रज्ञ टानिया सिंगर यांच्या २००४ मधल्या प्रयोगात दिसलं. सहवेदनेचा हा उमाळा परिचारिकेच्या मेंदूचा पुढचा भाग धरणाच्या दारांसारखा अडवतो, म्हणून सुई टोचणारा हात स्थिर राहतो. पण सराव झाल्यावर त्रास कसला? सरावाने अडवण्याचं कौशल्य वाढतं. अडलेलं दुःख त्याने जिरत नाही, आणि सतत दाबलं तर थकवा, निद्रानाश, अलिप्तपणा अशा रूपांत ते वर येतं. म्हणून रुग्णाच्या मृत्यूनंतर परिचारिकेला सहकाऱ्यांशी दोन शब्द बोलायची सवड रुग्णालयांनी कामाच्या वेळेतच द्यायला हवी.