एकमुखी दत्ताच्या दारचा घोडेबाजार

तळोद्याहून शहाद्यामार्गे दक्षिणेला गेलं की तापीकाठी सारंगखेडा लागतं. दत्त एरवी तीन शिरांचा, इथला मात्र एकमुखी. मार्गशीर्ष पौर्णिमेला, ऐन थंडीत त्याची यात्रा भरते आणि मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे बाजारात उतरतात. इटलीतल्या खेड्यांतही १७ जानेवारीला, संत अँटनीच्या सणाला, लोक जनावरं चर्चपुढे आणतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतो. सारंगखेड्यात शुभाशुभ गिऱ्हाईक स्वतःच पाहतं, घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांत. माझ्या मते, यात्रेत सर्वांत बारकाईने वाचली जाणारी पोथी हीच. गळ्यावर ‘देवमण’ सापडला की भाव चढतो. भोवरा अशुभ जागी निघाला, तर दात, खूर, चाल सगळं उत्तम असूनही सौदा मोडतो. मालक पुन्हा चंदी घालतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो.