बाकावरच्या दोघांत एक वेळापत्रक

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी नववीतल्या पोराला इंग्रजीत साधं काही विचारलं की तो मान खाली घालतो. शब्द येतात, व्याकरणही बऱ्यापैकी येतं; पण बोलायची गरजच वर्गात पडत नाही. बाई जे विचारतात त्याचं उत्तर बाईंना आधीच ठाऊक असतं. मग सांगायचं कुणाला?

ही गरज मुद्दाम निर्माण करता येते. एसटीच्या वेळापत्रकाच्या दोन प्रती काढा. एकीत काही गाड्यांच्या वेळा पुसा, दुसरीत उरलेल्या गाड्यांच्या. बाकावरच्या दोघांना एकेक प्रत द्या आणि मध्ये दप्तर उभं करा, नाहीतर पोरं डोकावणारच. आता विचारल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. ‘व्हेन डज द सातारा बस लीव्ह?’ ‘ॲट टेन फिफ्टीन.’ ‘फिफ्टीन ऑर फिफ्टी?’ हा शेवटचा प्रश्न कुठल्याही गाइडात नसतो, आणि खरं संभाषण तिथेच सुरू होतं.

जोड्यांना कामाला लावण्याआधी असाच एक तक्ता फळ्यावर सगळ्या वर्गाकडून सोडवून घ्यायचा. ही पायरी गाळली की वर्गभर मराठीच ऐकू येते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांत जो ‘बंगलोर प्रकल्प’ राबवला, त्याचा कणा हाच होता: आधी सगळ्यांनी मिळून, मग तसंच काम ज्याचं त्यानं. गंमत म्हणजे प्रभूंना जोड्या फारशा पसंत नव्हत्या; मुलं एकमेकांच्या चुका पक्क्या करतील, ही त्यांची धास्ती. धास्ती रास्तच. पण साठ मुलांच्या वर्गात एकेकाला उभं केलं तर तासात प्रत्येकाला अर्धं मिनिट जेमतेम मिळतं. म्हणून माझं मत जोड्यांना.

चुका मधेच सुधारू नका. फिरता फिरता वहीत टिपा आणि शेवटी कुणाचंही नाव न घेता दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या. प्रश्न विचारल्यावर थांबाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, मागे पडणारी मुलंही बोलू लागली.

पुढे वेळापत्रकाऐवजी गावचा नकाशा घ्या, बाजारभाव घ्या. फक्त तोंडी परीक्षेचे गुण याच कामावर द्या. पाठ केलेल्या ‘माय सेल्फ’वर गुण मिळतात तोवर पोरं तेच पाठ करणार.